मेलेल्या ताऱ्यांच्या कसोटीवर: आठ इंची डॉब आणि ओ-थ्री फिल्टर

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीची (साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीची, थोडक्यात 'डॉब'ची) परीक्षणं बहुतेक वेळा शनीची कडी आणि चंद्रावरची विवरं दाखवून संपतात. ही दोन्ही कुठल्याही बऱ्या दुर्बिणीतून दिसतात, त्यावरून दुर्बिणीची पारख होत नाही. इथे मुद्दाम अवघड गिऱ्हाईक निवडलं आहे: मेलेले तारे. मरताना त्यांनी बाहेर टाकलेला वायू, मागे उरलेले निखारे, आणि जे स्वतः कधीच दिसणार नाहीत त्यांचे जोडीदार.

दुर्बीण नेहमीचीच. २०३ मिमी व्यासाचा आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर (म्हणजे एफ/५.९), सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळ्याशी येणारी भिंगं. त्यांनी अनुक्रमे ४८ पट आणि १२० पट मोठं दिसतं. ओ-थ्री फिल्टर, म्हणजे तेजोमेघातल्या ऑक्सिजनचाच प्रकाश आत सोडणारी काच, खोक्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. किंमती इथे देत नाही. आयातीचा माल आहे, डॉलर हलला की भाव हलतो.

निकाल आधीच सांगून टाकू. दुर्बीण डोळे झाकून घ्या, फिल्टर मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. खोक्यातला फाइंडर (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण) आणि बैठक यांवर थोडी मेहनत लागेल. आणि फिल्टरकडे नुसतं 'धूसर गोष्टी ठळक करणारं काचेचं चकतं' म्हणून बघू नका. तो लावल्यावर काय उरतं आणि काय विझतं, यावरून समोरचा तारा कोणत्या तऱ्हेने मेला ते डोळ्यांना कळतं. शाळकरी मुलांना आकाश दाखवणाऱ्यांसाठी तर हा फिल्टर म्हणजे अख्खा धडा आहे.

खोक्यातून काय निघतं

तैवान आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून या दुर्बिणी तयार होतात आणि निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात. काचेत फारसा फरक नसतो, फरक असतो तो फोकसर (आयपीस बसतो तो पुढेमागे सरकणारा भाग), फाइंडर आणि बैठकीच्या बेअरिंगमध्ये. नळी साधारण दहा किलोची, बैठकही तितकीच किंवा थोडी जड. लिफ्ट नसेल तर दोन खेपा धरूनच चाला. नळी जेमतेम सव्वा मीटर लांब असते. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या सीटवर ती आडवी बसते, पण घेण्याआधी टेप लावून मोजा.

बैठक पार्टिकल बोर्डची. वरून लॅमिनेट असलं तरी खालच्या कडा आणि स्क्रूची भोकं उघडी असतात. कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात या कडा फुगतात, मग तळाची चकती घासायला लागते आणि दुर्बीण झटके देत फिरते. उपाय जोडणीच्या आधीच करायचा: सगळ्या उघड्या कडांना वॉर्निशचे दोन हात, भोकांच्या आतून एक थेंब पातळ फेविकॉल, आणि पूर्ण वाळल्यावर मगच स्क्रू. जोडणी झाल्यावर हे नीट होत नाही.

मुख्य आरसा तीन क्लिपांनी धरलेला असतो. काही नगांत या क्लिपा कारखान्यातूनच आवळून येतात. क्लिप आणि आरसा यांच्यामधून साधा कागद सरकला पाहिजे. सरकत नसेल तर आरशावर ताण येतो आणि तारे गोल न दिसता तिकोनी दिसतात. लोक याला 'काच खराब आली' म्हणतात आणि माल परत पाठवतात. स्क्रूचा पाव फेरा ढिला केला की बहुतेक वेळा काम होतं.

समायोजन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, हे प्रत्येक प्रवासानंतर तपासायचं. खास उपकरण नसेल तर जुन्या फिल्म रोलची काळी डबी चालते. ती सव्वा इंची फोकसरमध्ये बरोबर बसते, बुडाला मधोमध बारीक भोक पाडा आणि त्यातून बघा. आधी दुय्यम आरसा, म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका: त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसेपर्यंत त्याचे तीन बारीक स्क्रू फिरवा, एक ढिला केल्याशिवाय दुसरा आवळू नका. हे करताना नळी आडवीच ठेवा. उभी ठेवली आणि हातातली अॅलन की सुटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. मग मुख्य आरसा: त्याच्या मध्यावर चिकटवलेलं छोटं वर्तुळ आणि डबीच्या भोकाचं प्रतिबिंब एकमेकांवर येईपर्यंत मागचे मोठे स्क्रू फिरवा. शेवटी लॉक स्क्रू नुसते टेकवा, जोर लावला की केलेलं सगळं सरकतं.

काही संचांत लेझर मिळतो. तो फोकसरमध्ये ठेवून स्वतःभोवती फिरवून बघा. लाल ठिपका जागेवर न राहता गोल काढत असेल तर लेझरच वाकडा आहे, आणि त्याच्या भरवशावर सरळ केलेली दुर्बीणही वाकडीच होईल.

शेवटची खात्री ताऱ्यावर करायची. ध्रुव त्यासाठी सोयीचा, कारण तो आयपीसमधून पळत नाही. पण महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सोळा ते बावीस अंश वर असतो, तिथली हवा बहुतेक वेळा थरथरते. प्रतिमा उकळत असेल तर दोष दुर्बिणीला देऊ नका. आणि घरातून बाहेर काढल्यावर आरसा थंड व्हायला पाऊण ते एक तास द्या. त्याआधी केलेली कुठलीही चाचणी फुकट.

फिल्टर नेमकं काय करतो

सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगतो, बाहेरचे थर सोडून देतो आणि आतला गाभा उघडा पडतो. त्या गाभ्याचं तापमान लाखभर अंशांच्या घरात असतं. त्याच्या अतिनील किरणांनी आजूबाजूच्या वायूतल्या ऑक्सिजनचे दोन-दोन इलेक्ट्रॉन उडतात. असा ऑक्सिजन, म्हणजेच ओ-थ्री, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर या दोन हिरवट रेषांमध्ये चमकतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने एनजीसी ६५४३ या तेजोमेघाच्या वर्णपटात ही हिरवी चमक पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच आहे, फक्त इतक्या विरळ वायूतला की तशी अवस्था प्रयोगशाळेत टिकत नाही. दाट वायूत अणू एकमेकांवर आपटतात आणि या रेषा निघण्याआधीच ऊर्जा हरवून बसतात.

फिल्टर एवढ्या दोनच रेषांना वाट देतो, बाकी सगळं अडवतो. तारे आपला प्रकाश सगळ्या रंगांत वाटतात, म्हणून ते बारीक होतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचाही बहुतेक उजेड अडतो. वायूचा प्रकाश मात्र जवळजवळ पूर्ण आत येतो. योगायोग असा की अंधारात काम करणाऱ्या आपल्या दंडपेशी सर्वांत संवेदनशील असतात त्या याच ५०० नॅनोमीटरच्या आसपास.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, पट्ट्याची रुंदी: दहा-बारा नॅनोमीटर असेल तर उत्तम, पंचवीस-तीस असेल तर नाव ओ-थ्री असलं तरी काम साध्या तेजोमेघ फिल्टरचं. दुसरी, विक्रेत्याकडे आलेख मागा आणि ४९६ व ५०१ दोन्ही ठिकाणी ९० टक्क्यांच्या वर प्रकाश जातो का ते तपासा. फोटोग्राफीसाठीचे अतिअरुंद फिल्टर काही वेळा फक्त ५०१ ची रेष घेतात. त्या दोन रेषांच्या तेजाचं प्रमाण साधारण तीनास एक असतं, म्हणजे चौथा हिस्सा प्रकाश तिथेच गेला. तिसरी, आकार. फोकसर दोन इंची असेल तर फिल्टरही दोन इंचीच घ्या. दोन इंचाला सव्वा इंची करणाऱ्या अडॅप्टरच्या बुडाशी बहुतेक वेळा दोन इंची आटे असतात, त्यामुळे एकच फिल्टर सगळ्या आयपीसना चालतो. सव्वा इंची घेऊन पैसे वाचवले असं वाटतं, पण पुढे रुंद आयपीस घेतल्यावर तो निकामी.

एक गोष्ट ठणकावून: हा फिल्टर सूर्यासाठी नाही. काळपट दिसतो म्हणून कुणीतरी लावून बघतं. डोळा कायमचा जातो.

ऑक्टोबरची संध्याकाळ

आपल्याकडची पंचाईत अशी की वायूचे सर्वांत सुंदर अवशेष रात्रीच्या सोयीच्या वेळी डोक्यावर येतात ते नेमके जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांच्या वर. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अमावास्येच्या आसपास, आठ वाजता सुरुवात केली तर पुढचे पाचही तेजोमेघ एका बैठकीत होतात.

सुरुवात स्वरमंडलातल्या एम ५७ या कड्यासारख्या तेजोमेघापासून, कारण तो मावळतीकडे झुकलेला असतो. बीटा आणि गॅमा या दोन ताऱ्यांच्या मधोमध, बीटाकडे किंचित सरकून. ४८ पटीत तो नीट फोकस न झालेल्या ताऱ्यासारखा वाटतो आणि नवखे त्यावरून पुढे निघून जातात. १० मिमी लावला की कडं उघडतं, आत पोकळी दिसते, पण काळी नाही, धुरकट. फिल्टरने कडं ठळक होतं, तरी त्याच्याशिवायही हा शहराच्या कडेवरून दिसतो. मधला तारा पंधराव्या प्रतीच्याही खाली आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), आठ इंचातून तो दिसायचा नाही. जाहिरातीतल्या रंगीत फोटोंवर विसंबून खरेदी करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: सगळं राखाडी दिसतं, फार तर निळसर-हिरवट झाक.

१२० पटीत हा साधारण दोन मिनिटांत क्षेत्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. मोटर नाही, हाताने ढकलायचं. बैठक अडखळत असेल तर इथेच कळतं. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर मेणाचा पातळ हात फिरवला की झटका कमी होतो. तेल नको, तेलाने धूळ धरते.

एम २७ सापडायला सोपा: शर तारकासमूहाच्या टोकाच्या गॅमा ताऱ्यापासून सरळ उत्तरेला सव्वातीन अंश. ज्याच्या यादीतले हे 'एम' क्रमांक, त्या मेसियेने १७६४ मध्ये नोंदवलेला हा मरत्या ताऱ्याने सोडलेल्या वायूचा पहिला तेजोमेघ. फिल्टरशिवाय खाऊन उरलेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखा. फिल्टर लावून दोन मिनिटं डोळा तिथेच ठेवला तर दोन्ही बाजूंचे फिकट 'कान' भरून येतात आणि आकार अंडाकृती होतो. फिल्टर चांगला की सुमार, हे ठरवायला एम २७ चे कान ही सर्वांत सोपी चाचणी. कान आलेच नाहीत आणि आकाश बरं असेल तर फिल्टर परत करा.

एनजीसी ६८२६ छोटा आहे, पण चुकवू नका. हंसातल्या १६ सिग्नी या जोडताऱ्याच्या पूर्वेला अर्ध्या अंशावर. मधला तारा दहाव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे स्पष्ट दिसतो. त्याच्याकडे सरळ पाहिलं की भोवतीचा वायू नाहीसा होतो, नजर थोडी तिरकी केली की परत येतो. सरळ पाहताना डोळ्याचा मधला, उजेडासाठी घडलेला भाग काम करतो, तिरकं पाहताना दंडपेशी. आता फिल्टर लावा: तारा बारीक होतो, वायू राहतो, आणि लपंडाव जवळजवळ थांबतो. तो तारा म्हणजे होऊ घातलेला श्वेतबटू, मेलेल्या ताऱ्याचा मागे उरणारा गाभा. तारा आणि त्याने सोडलेला वायू हे दोघे एकाच दृश्यात वेगवेगळे करून दाखवणारं दुसरं इतकं सोपं ठिकाण नाही.

इतके छोटे तेजोमेघ ताऱ्यांच्या गर्दीत ओळखायला फिल्टर स्क्रूने लावूच नका. चिमटीत धरून डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये पुढे-मागे करा. सगळे तारे एकदम मंद होतील, एकच ठिपका तसाच तेजस्वी राहील. तोच आपला. बोटाचे ठसे मात्र काचेवर उमटतात, कडेनेच धरा.

आता जाळी, म्हणजे व्हेल तेजोमेघ. फिल्टरचे पैसे इथे वसूल होतात. आतापर्यंतचे तिन्ही तेजोमेघ शांत मरणाचे होते. हा स्फोटाचा अवशेष. दहा ते वीस हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या महाकाय ताऱ्याचं कवच, अंतर सुमारे २४०० प्रकाशवर्षं. पसरलाय तीन अंशांवर, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडले तेवढा. हंसाच्या पंखातल्या एप्सिलॉन ताऱ्यापासून सरळ दक्षिणेला सव्वातीन अंशांवर ५२ सिग्नी हा चौथ्या प्रतीचा तारा आहे. पश्चिमेकडची पट्टी, एनजीसी ६९६०, थेट त्याच्यावरून जाते. फिल्टर नसताना काळोख्या गावीसुद्धा फक्त शंका येते की इथे काहीतरी आहे. फिल्टर लावला की ५२ सिग्नी मंदावतो आणि त्याच्या एका अंगाने टोकदार, दुसऱ्या अंगाने उसवत गेलेली पट्टी उभी राहते. पूर्वेकडचं अर्धं, एनजीसी ६९९२ आणि ६९९५, त्याहून श्रीमंत: कमानीसारखं वळलेलं, आत पीळ असलेलं, सुंभ उलगडून ठेवावा तसं.

इथे ऑक्सिजन चमकतो तो वेगळ्या कारणाने. मध्ये बसून तापवणारा तारा नाहीच. फुटलेलं कवच आजूबाजूच्या वायूवर जाऊन आदळतं, त्या धक्क्याने वायू तापतो आणि त्याच दोन रेषा देतो. फिल्टरला कारण कळत नाही, रेषा कळते. हे लक्षात ठेवा, पुढे एम १ ला याचा उपयोग आहे.

व्हेलसाठी खोक्यातला २५ मिमी कमी पडतो. त्यात एका वेळी जेमतेम एक अंश मावतो, त्यामुळे पट्टी तुकड्यातुकड्याने चाचपत जावं लागतं. दोन इंची ३० मिमी, सत्तर अंशांच्या आसपास दृश्यक्षेत्राचा आयपीस असेल तर पावणेदोन अंश मिळतात आणि अर्धी कमान एका नजरेत येते. ओ-थ्रीला असाच कमी मोठा करणारा आयपीस मानवतो. फार मोठं केलं की दृश्य इतकं काळवंडतं की फिल्टरचा फायदा उरत नाही.

आणि एक अडचण खास आपल्या अक्षांशाची. व्हेल मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा पुणे-मुंबईत डोक्यावरच्या बिंदूपासून फक्त बारा अंश दूर असतो. डॉब्सोनियनला तिथे फिरवणं म्हणजे उभ्या खांबाला बाजूने ढकलण्यासारखं, नळी थोडी सरकवायला बैठक भरपूर फिरवावी लागते. सरळ फाइंडरमधून बघायला मान जमिनीला टेकवावी लागते ती वेगळीच. दीड-दोन तास थांबून तो पश्चिमेला कलू द्या, किंवा काटकोनी फाइंडर बसवा. खोक्यातल्या फाइंडरवर एवढाच राग आहे, पण तो खरा आहे.

शहरातून व्हेलचा नाद सोडा. उपनगराबाहेर, आकाशगंगा अंधुक का होईना दिसते अशा ठिकाणी फिल्टरसह पूर्वेची कमान येते. वांगणीसारख्या जागा मुंबईकरांच्या ओळखीच्या आहेत, पण उजेड तिथेही वाढत चालला आहे. विदर्भातल्यांचं नशीब थोर: पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

साडेनऊला कुंभेतला हेलिक्स, एनजीसी ७२९३. उप्सिलॉन ताऱ्याच्या पश्चिमेला सव्वा अंश. साधारण ६५० प्रकाशवर्षांवरचा, म्हणून आकाराने मोठा, आणि तेवढाच पसरट-फिका. कॅटलॉगमधली सातवी प्रत फसवी आहे, तो सगळा प्रकाश अर्ध्या चंद्राएवढ्या जागेत पातळ फासलेला आहे. फिल्टरशिवाय बहुतेकांना काहीच दिसत नाही. फिल्टर लावून नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हलणारी फिकट वस्तू डोळा लवकर पकडतो. लंडनहून हा क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश चढतो, आपल्याकडे पन्नास. दक्षिणेचं आकाश बघताना परदेशी परीक्षणांतली 'अतिशय कठीण' ही शेरेबाजी मनावर घेऊ नका.

जिथे फिल्टर हरतो

डिसेंबर-जानेवारीत वृषभ वर आला की सगळे एम १ कडे वळतात. झीटा टॉरीच्या वायव्येला एक अंशाच्या थोडं पुढे. ४ जुलै १०५४ ला चिनी ज्योतिषांनी नोंदवलेला 'पाहुणा तारा' फुटला, त्याचा हा अवशेष. २३ दिवस तो तारा दिवसाउजेडी दिसत होता. आठ इंचातून दिसतो लांबट, राखाडी, कडा नसलेला डाग. फोटोतले लाल तंतू शोधत बसू नका.

आता फिल्टर लावा. व्हेल उजळवणारा हाच फिल्टर इथे डाग आणखी मंद करतो. खरेदीदारांची तक्रार येते ती इथूनच: 'एम १ वर चालत नाही, माल नकली.' माल नकली नाही. या अवशेषाच्या पोटात सेकंदाला तीस वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिदाट गाभा, आहे, आणि त्याच्या जोरावर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात. त्यातून निघणारा प्रकाश रेषांत नसतो, ताऱ्याच्या प्रकाशासारखा सगळ्या रंगांत पसरलेला असतो. आठ इंचातून आपल्याला मुख्यतः तोच दिसतो. म्हणून एम १ ला फिल्टर काढा, आयपीस १० मिमी, आणि काळोखी जागा. स्वतः न्यूट्रॉन तारा सोळाव्या प्रतीच्या खाली आहे, या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर.

निखारे: फिल्टर डबीत ठेवा

श्वेतबटू बघायचा तर तो ४० एरिडानीतला. यमुना तारकासमूहात, राजन्याच्या पश्चिमेला सुमारे पंधरा अंश, जवळपास त्याच उंचीवर ओमिक्रॉन-१ आणि ओमिक्रॉन-२ शेजारी शेजारी आहेत. दुसरा आपला. नारिंगी मुख्य ताऱ्यापासून ८३ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) साडेनवव्या प्रतीचा पांढरा ठिपका, ४८ पटीतही सुटा. साडेसोळा प्रकाशवर्षांच्या आत असलेला हा ठिपका वस्तुमानाने सूर्याच्या निम्म्याहून थोडा जास्त आणि आकाराने पृथ्वीपेक्षा थोडा मोठा. त्यात आता काहीच जळत नाही, साठवलेली उष्णता हळूहळू बाहेर पडते. १२० पटीत त्याच्या बाजूला आठ-नऊ विकलांवर अकराव्या प्रतीचा तांबडा बटू दिसला पाहिजे. दिसला नाही तर आधी समायोजन तपासा. एका क्षेत्रात नारिंगी, पांढरा, तांबडा असे तीन: सुस्थितीतला, मेलेला, आणि काटकसरीने अब्जावधी वर्षं चालणारा.

व्याधाचा सोबती मात्र घाम काढतो. तो मुख्य ताऱ्याहून सुमारे दहा हजार पट मंद, आणि अंतर ११ विकलांच्या आसपास. यासाठी ६ मिमीचा आयपीस (२०० पट), पूर्ण थंड झालेला आरसा आणि तारे लुकलुकत नसलेली रात्र हवी. आधी राजन्यावर सराव करा: त्याचा सोबती साडेनऊ विकलांवर आणि बराच ठळक आहे. तोही दिसत नसेल तर त्या रात्री व्याधाच्या वाटेला जाऊ नका. व्याधाला क्षेत्राच्या पश्चिम काठाबाहेर जाऊ द्या. सोबती पूर्वेकडे असल्यामुळे तो मागून येतो, आणि व्याध बाहेर गेल्यावर क्षणभर चकाकीशिवाय सापडू शकतो. दुय्यम आरशाच्या काड्यांमुळे ताऱ्याला चार टोकं फुटतात. त्यातलं एखादं नेमकं सोबत्यावर येत असेल तर तासाभराने पुन्हा बघा, तोवर क्षेत्र फिरलेलं असतं. इथे व्याध ५५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे युरोपातल्यांपेक्षा आपल्याला संधी बरी आहे. अंतर पुढच्या वर्षांत घटत जाणार आहे, तेव्हा लवकर.

कृष्णविवर 'दाखवा' असा हट्ट धरणाऱ्यांसाठी हंसाच्या मानेतला एटा तारा शोधा. त्याच्यापासून अर्ध्या अंशाच्या आत नवव्या प्रतीचा एक निळसर तारा आहे, एचडीई २२६८६८. त्याच्याभोवती साडेपाच दिवसांत सुमारे २१ सूर्यांच्या वस्तुमानाचं काहीतरी फिरतं: सिग्नस एक्स-१. दुर्बिणीतून त्याचं काहीही दिसत नाही. चांगला नकाशा हवा, नाहीतर शेजारचाच तारा दाखवून मोकळे व्हाल.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर नळीची दोन्ही टोकं झाकून, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पिशव्या टाकून, आडवी आणि कोरड्या खोलीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी पिशव्या ऊन दाखवून किंवा तव्यावर मंद गरम करून परत ठेवा. फिल्टर त्याच्या डबीत, डबी हवाबंद स्टीलच्या डब्यात. काचेवर बुरशी धरली की लेपाला खड्डे पडतात, तो पुसून निघत नाही. आरसा धुवायचाच झाला तर आधी वाहतं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, भिजलेला कापूस स्वतःच्या वजनाने सरकवत न्या, बोटाने दाबू नका. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळून तिरका उभा ठेवा. टॉवेल जवळपाससुद्धा नको.